हिरव्या पानांची कोशिंबीर व तिचें शास्त्र

पाककला म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम चूल उभी राहते. मग ती लांकडाची असो, कोळशाची असो किंवा गॅसची असो. परंतु पाककलेचा एक भाग असा आहे कीं, त्यास विस्तवाची मुळींच गरज लागत नाहीं. स्वच्छ पाणी, एक सुरी, एक धुतलेलें फडकें, घट्ट झांकणाची एक बाटली आणि दोन स्वच्छ हात, एवढी सामग्री त्यास पुरते. हा भाग म्हणजे हिरव्या पानांची कोशिंबीर. इंग्रजींत व आतां मराठींतहि जिला 'सॅलड' असें म्हणतात ती. पांचव्या इयत्तेंतील मुलासहि ती करतां येते. आणि तरीहि ती चांगली साधणें पुष्कळ थोरांसहि जमत नाहीं. पानें मलूल होतात, ताटांत पाणी सुटतें, तेल वेगळें तरंगत राहतें, आणि मुलें ती कोशिंबीर तशीच टाकून पानावरून उठतात. असें कां होतें, व तें कसें टाळावें, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटल्यास त्यानें पुढील हकीकत ध्यानांत घ्यावी. पूर्वीं लांबच्या सफरीवर जाणाऱ्या खलाशांस ताजा भाजीपाला व फळें महिनोन् महिने मिळत नसत. त्यामुळें त्यांच्या हिरड्या सुजून रक्त येई, जुन्या जखमा पुन्हां उघडत आणि शेवटीं मृत्यु ओढवे. या रोगास स्कर्व्ही म्हणतात. इ. स. १७४७ सालीं 'सॉलिस्बरी' नांवाच्या इंग्रजी लढाऊ जहाजावर जेम्स लिंड या शस्त्रवैद्यानें अशा १२ रोग्यांच्या सहा जोड्या केल्या, आणि प्रत्येक जोडीस निराळा उपाय देऊन पाहिला. ज्या दोघांस संत्रीं व लिंबें मिळालीं, त्यांस सर्वांत लवकर गुण आला. हा वृत्तान्त त्यानें १७५३ सालीं प्रसिद्ध केला. तरी इंग्रजी आरमारांत लिंबाचा रस नियमानें देण्याची व्यवस्था व्हावयास १७९५ साल उजाडावें लागलें. या फळांतील गुणकारी द्रव्य तें जीवनसत्त्व 'क' होय. तें वेगळें काढणारे हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांस १९३७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. लिंबाप्रमाणेंच ताज्या हिरव्या पानांतहि हें द्रव्य असतें. परंतु तें पाण्यांत विरघळतें व उष्णतेनें नाश पावतें. म्हणून भाजी शिजविली असतां त्याचा बराच भाग वांया जातो, आणि कच्च्या पानांत तो टिकून राहतो.

आतां आपल्या घराकडे पाहूं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, भारतांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आहे. या अवस्थेस पंडुरोग म्हणतात. त्याचीं कारणें अनेक आहेत, व लोहाची उणीव हें त्यांतील एक मोठें कारण आहे. धान्य, कडधान्य व पालेभाजी यांतून मिळणारें लोह शरीरांत सहजासहजीं शोषलें जात नाहीं. मात्र त्याच जेवणांत लिंबासारखा जीवनसत्त्व 'क' असलेला पदार्थ असल्यास तें अधिक प्रमाणांत शोषलें जातें. केवळ कोशिंबीर खाऊन पंडुरोग बरा होईल असें कोणीं समजूं नये; त्यास वैद्यकीय तपासणी व औषधच हवें. तथापि भाकरी व उसळीच्या जोडीला लिंबू पिळलेलीं हिरवीं पानें रोज असणें, ही गोष्ट खर्चानें लहान व लाभानें मोठी आहे.

'सॅलड' या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंतील 'साल' म्हणजे मीठ या शब्दांत आहे. मीठ लावलेला पाला, एवढाच त्याचा मूळ अर्थ. इंग्लंडांत जॉन एव्हलिन या विद्वान गृहस्थानें १६९९ सालीं केवळ याच विषयावर 'असिटेरिया' नांवाचा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. हा गृहस्थ कोणी आचारी नव्हता. लंडनच्या सुप्रसिद्ध रॉयल सोसायटीच्या आद्य सभासदांपैकीं तो एक होता. तीन भाग ऑलिव्हचें तेल व एक भाग सिरका किंवा लिंबाचा रस, हें प्रमाण त्यानें आपल्या ग्रंथांत दिलें आहे. आणि तीन शतकें लोटलीं तरी युरोपांतील स्वयंपाकघरांत बहुधा हेंच प्रमाण चालत आलें आहे. आपल्याकडेहि कच्चा पाला खाण्याची चाल परकी नाहीं. वऱ्हाड, खानदेश व मराठवाडा या भागांत कोंवळी मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरून तींत दाण्याचें कूट, तिखट, मीठ व कच्चें तेल कालवितात. यासच घोळाणा म्हणतात. पाला, आंबट, मीठ व तेल हे कोशिंबिरीचे चार आधार होत. ऑलिव्हच्या जागीं शेंगदाणा आला, तरी आधार तेच राहतात.

कोशिंबिरीचें पहिलें व सर्वांत महत्त्वाचें काम म्हणजे पानें धुणें. शिजविलेल्या भाजींतील रोगजंतु उष्णतेनें मरतात. कच्च्या पाल्यास तें संरक्षण नसतें. शेतास मैलायुक्त पाणी दिलेलें असल्यास विषमज्वराचे जंतु, आंवेचे सूक्ष्म जीव व जंतांचीं अंडीं पानांवर राहूं शकतात. जंतांचीं अंडीं तर चिकट असल्यामुळें पानांच्या सुरकुत्यांत घट्ट बसतात. मिठाच्या किंवा हळदीच्या पाण्यांत पाला घटकाभर बुडविला कीं तो निर्दोष झाला, अशी एक समजूत आहे. तीवर विसंबून राहूं नये. खरा उपयोग चोळून धुण्याचा व वाहत्या पाण्याचा आहे. म्हणून प्रथम आपले हात साबणानें धुवावे. मग पाल्याचीं मुळें व बुडखे कापून टाकावे, किडकीं व सडकीं पानें काढावीं, आणि राहिलेलीं पानें सुटीं करून मोठ्या पातेल्यांतील पाण्यांत खालवर करावीं. नंतर पानें हातानें उचलून बाहेर काढावीं. पातेलें चाळणींत ओतूं नये, कारण तसें केल्यानें तळाशीं बसलेली माती पुन्हां पानांवरच येते. पाणी बदलून असें तीनदां करावें, आणि शेवटीं एकेक पान पिण्याच्या पाण्याच्या धारेखालीं दोन्ही बाजूंनीं बोटांनीं हळूच चोळावें. साबण पानांस कधींहि लावूं नये. पाला कोठून आला याची खात्री नसल्यास, किंवा पावसाळ्यांत गढूळ पाण्याचे दिवस असल्यास, तो शिजवूनच खाणें शहाणपणाचें होय. गरोदर स्त्रिया, तान्हीं बालकें व दुखण्यानें अशक्त झालेलीं माणसें यांच्या बाबतींत तर हा नियम कसोशीनें पाळावा.

धुतलेलीं पानें थंड पाण्यांत दहा-पंधरा मिनिटें ठेविलीं असतां मलूल झालेलीं पानेंहि पुन्हां ताठ होतात. याचें कारण असें कीं, पान हें असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें असतें. पेशी पाण्यानें भरलेल्या असल्या म्हणजे हवा भरलेल्या चेंडूप्रमाणें ताठ राहतात. पाणी उडून गेलें कीं त्या सैल पडतात. ज्या पानांत जीव आहे, तें पाणी पुन्हां शोषून घेतें. मात्र तासन् तास पानें पाण्यांत ठेवूं नयेत, कारण जीवनसत्त्व 'क' त्या पाण्यांत उतरूं लागतें.

यानंतर पानें कोरडीं करणें अवश्य आहे. पुष्कळांची कोशिंबीर येथेंच फसते. ओल्या पानावर तेल ठरत नाहीं. तें घसरून तळाशीं जातें आणि पाण्यामुळें आंबटपणाहि फिका पडतो. यासाठीं पानें एका स्वच्छ, पातळ फडक्यांत सैलसर बांधावीं, अंगणांत जावें, आणि गोफण फिरवावी त्याप्रमाणें तें गांठोडें आठ-दहा वेळां गरगर फिरवावें. फिरणारी प्रत्येक वस्तु सरळ रेषेंत निसटूं पाहते. पानांस फडकें अडवून धरतें, पाण्याच्या थेंबांस मात्र फडक्याच्या विणींतून वाट मिळते, व ते तुषाररूपानें बाहेर पडतात. पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेला नियम असा अंगणांत पाहावयास मिळतो. आणि हें काम घरांतील लहान मुलें आनंदानें करतील यांत शंका नाहीं.

आतां मिश्रणाकडे वळूं. बाजारांत बाटल्यांतून सॅलडचें ड्रेसिंग विकत मिळतें. पण घरीं केलेलें मिश्रण ताजें असतें, स्वस्त पडतें, आणि त्यांत मीठ व गोडी किती घातली आहे हें आपणांस ठाऊक असतें. चार माणसांसाठीं पुढील प्रमाण घ्यावें. येथें मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा व लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा समजावा. शेंगदाण्याचें किंवा तिळाचें तेल ३ मोठे चमचे, कागदी लिंबाचा रस १ मोठा चमचा, मोहरीची बारीक पूड अर्धा लहान चमचा, थंड पाणी १ लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा, किसलेला गूळ अर्धा लहान चमचा आणि मिरपूड चिमूटभर. लिंबू न मिळाल्यास तितकाच सिरका चालेल.

प्रथम मोहरीची पूड थंड पाण्यांत कालवून दहा मिनिटें ठेवावी. लोणच्यासाठीं मोहरी फेसतांना ती नाकांत कशी झोंबते, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोरड्या मोहरींत हा झोंबरेपणा नसतो. मोहरी दळली जाऊन तिला पाणी मिळालें म्हणजे तींतील एका विकराची दुसऱ्या द्रव्याशीं गांठ पडते, व त्यांतून तो तिखट, उडून जाणारा पदार्थ तयार होतो. पाणी कढत असल्यास हा विकर नाश पावतो; लिंबाचा रस आधींच घातल्यास त्याचें काम मंदावतें. म्हणून आधीं थंड पाणी, मग दहा मिनिटांचा धीर, आणि त्यानंतर लिंबू, हा क्रम सोडूं नये. मोहरी तयार झाली कीं तींत लिंबाचा रस, मीठ व गूळ घालून तें विरघळेपर्यंत ढवळावें. हेंहि तेलाच्या अगोदरच करावें, कारण मीठ व गूळ तेलांत विरघळत नाहींत. मग हें सर्व बाटलींत ओतावें, वर तेल व मिरपूड घालावी, झांकण घट्ट लावावें, आणि बाटली अर्धा मिनिट जोरानें हालवावी. पिवळसर, दाट व एकजीव असें मिश्रण तयार होईल.

तेल व पाणी यांचें वैर प्रसिद्ध आहे. मग येथें तीं एकत्र कशीं नांदतात? बाटली हालविल्यानें तेलाचे अतिशय लहान थेंब होऊन ते लिंबाच्या रसांत पसरतात. तसेच सोडल्यास हे थेंब एकमेकांस मिळून मोठे होतात व तेल पुन्हां वर येतें. परंतु मोहरीच्या टरफलांत एक बुळबुळीत द्रव्य असतें. तें व मोहरीचे बारीक कण या थेंबांच्या मध्यें येऊन त्यांस एकमेकांत मिसळूं देत नाहींत. पिवळ्या मोहरींत हें द्रव्य अधिक असतें. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. दोन सारख्या बाटल्या घ्याव्या. एकींत केवळ तेल व लिंबाचा रस, आणि दुसरींत त्याच प्रमाणांत तेल, रस व भिजविलेली मोहरी घालावी. दोन्ही सारख्याच वेळ हालवून शेजारीं ठेवाव्या, आणि घड्याळ लावून कोणती आधीं फुटते तें टिपून ठेवावें.

पानांसाठीं लेट्यूसचा एक मध्यम गड्डा, म्हणजे सुमारें २०० ग्रॅम, घ्यावा. यास कोणी सालीट असेंहि म्हणतात. शिवाय एक काकडी, दोन कांद्यांची पात व मूठभर कोथिंबीर घ्यावी. लेट्यूस न मिळाल्यास कोबीचीं आंतलीं पानें बारीक चिरून घ्यावीं, किंवा कोंवळी मेथी व मुळ्याचा कोंवळा पाला मिळवावा. लेट्यूस सुरीनें बारीक न चिरतां हातानें मोठे तुकडे करावे. जितके तुकडे अधिक व बारीक, तितक्या अधिक पेशी फुटतात, कडा काळपट पडतात, आणि जीवनसत्त्व 'क' हवेशीं संयोग पावून कमी होतें. त्याच कारणासाठीं पाला आधीं धुवावा व मग चिरावा. चिरून धुवूं नये. काकडी वापरण्यापूर्वीं तिचा एक तुकडा चाखून पाहावा. कधीं कधीं काकडींत एक कडू विषारी द्रव्य तयार होतें; काकडी कडूजहर लागल्यास ती सबंध टाकून द्यावी, मीठ लावून तो कडूपणा लपवूं नये.

सर्व सामग्री सिद्ध झाली तरी पानें व मिश्रण यांची गांठ जेवणाच्या अगदीं शेवटच्या क्षणीं घालावी. मिठामुळें पेशींतील पाणी बाहेर ओढलें जातें. या क्रियेस शास्त्रांत परासरण म्हणतात. काकडीच्या चकत्यांस मीठ लावून दहा मिनिटें ठेविल्यास त्यांभोंवतीं जें पाणी जमतें, तें याच क्रियेमुळें. तेलाचें काम निराळें आहे. पानाच्या पृष्ठभागावर मेणासारखा पातळ थर असतो. पाणी त्यावरून ओघळून जातें, पण तेल त्यांतून आंत शिरतें, पानांतील हवेची जागा घेतें, व पान गडद होऊन लोळागोळा होतें. तीन सारखीं पानें घेऊन एकावर पाणी, दुसऱ्यावर लिंबाचा रस व तिसऱ्यावर तेल लावून थोडा वेळ ठेवा. कोणतें पान आधीं मान टाकतें, तें डोळ्यांनींच पाहा. सबब पाटपाणी झालें, माणसें बसलीं, म्हणजे मग बाटली पुन्हां हालवावी, निम्मेंच मिश्रण पानांवर घालावें, आणि दोन्ही हातांनीं खालून वर असें हलकेच कालवावें. एक पान चाखून पाहावें, व लागेल तसें उरलेलें घालावें. प्रत्येक पान चकचकीत दिसावें, पण भांड्याच्या तळाशीं मिश्रण सांचूं नये. उरलेलें मिश्रण थंड जागीं झांकून ठेवावें व एकदोन दिवसांत संपवावें. कालविलेली कोशिंबीर मात्र रात्रीसाठीं ठेवूं नये.

तेल लठ्ठपणा आणतें, तेव्हां तें वगळावें, असा सल्ला पुष्कळदां ऐकूं येतो. वरील प्रमाणांत माणशीं सुमारें १० ग्रॅम तेल येतें व त्यापासून सुमारें ९० कॅलरी उष्णता मिळते. हें प्रमाण बेताचें आहे, आणि तें व्यर्थहि जात नाहीं. हिरव्या पानांत व गाजरांत कॅरोटिन नांवाचीं रंगद्रव्यें असतात. त्यांपैकीं कांहींपासून शरीर जीवनसत्त्व 'अ' बनवितें, व तें दृष्टीस अत्यंत उपकारक आहे. हीं द्रव्यें पाण्यांत विरघळत नाहींत; स्निग्ध पदार्थाच्या आधारानेंच तीं आंतड्यांतून रक्तांत जातात. २००४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं माणसांस तेच सॅलड तीन प्रकारें, म्हणजे तेलावांचून, थोड्या तेलासह व अधिक तेलासह, खावयास दिलें होतें. तेलावांचून खाल्लें तेव्हां हीं द्रव्यें त्यांच्या रक्तांत जवळजवळ उतरलींच नाहींत. घोळाण्यावर कच्च्या तेलाची धार धरणाऱ्या आमच्या आज्यांस हें शास्त्र ठाऊक नसेल, पण त्यांची रीत शास्त्रास धरून होती.

तो घोळाणाहि येथें सांगून ठेवितों, कारण लहान गांवीं लेट्यूस मिळणार नाहीं, पण मेथी मिळेल. कोंवळ्या मेथीची एक जुडी वर सांगितल्याप्रमाणें धुवून व कोरडी करून बारीक चिरावी. तींत एक कांदा बारीक चिरून, भाजलेल्या दाण्यांचें कूट दोन मोठे चमचे, तिखट व मीठ चवीपुरतें, आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. शेवटीं एक मोठा चमचा कच्चें तेल घालून हातानें कालवावें व ज्वारीच्या भाकरीबरोबर लागलीच खावें. ज्यांस शेंगदाणा सोसत नाहीं, त्यांनीं तीळ भाजून कुटून घालावे व तेलहि तिळाचेंच घ्यावें.

शेवटीं दोन शब्द मुलांस व त्यांच्या पालकांस. या कामास आगीचें भय नाहीं व फारसें कौशल्यहि लागत नाहीं. सुरी मात्र लहानांनीं थोरांच्या देखत वापरावी. तेव्हां तें मुलींचें काम व मुलांचें नव्हे, असा भेद करण्याचें कारण उरत नाहीं. घरांतील मुलगा व मुलगी यांनीं आळीपाळीनें आठवड्यांतून दोन दिवस जरी कोशिंबीर करण्याचें पत्करलें, तरी आईचा तेवढा भार हलका होईल, आणि स्वतःच्या हातानें धुतलेलीं, निवडलेलीं व कालवलेलीं पानें मुलें ताटांत टाकणारहि नाहींत. मात्र एक गोष्ट विसरूं नये. पुष्कळ घरांत आई सर्वांच्या मागून जेवावयास बसते, आणि तोंपर्यंत कोशिंबिरीचें भांडें रिकामें झालेलें असतें. जिला तिची गरज बहुधा सर्वांहून अधिक, तिच्याच वांट्याला ती येत नाहीं. म्हणून मिश्रण घालण्यापूर्वींच कोरड्या पानांचा एक वाटा वाटींत वेगळा काढून झांकून ठेवावा, बाटलींत दोन चमचे मिश्रण राखावें, आणि आई पानावर बसली म्हणजे तिच्यासमोर तें ताजें कालवून तिला वाढावें.